उबेचा आवाज

“बाजूले व्हा, बाजूले! फुटलं-बिटलं तं मंग मले बोलजा नोका!”

मारोतराव अंगणातून असे येत होते, जणू हातात जिवंत घोरपड धरली आहे. दोन्ही हात ताठ पुढे, हातांत स्टीलचा जाड कॅन, आणि कॅनच्या सैल झाकणाखालून पांढरा धूर ओघळत जमिनीकडे चाललेला. वर जायचं सोडून खाली वाहणारा धूर शकुबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“हे काय आनलं बाप्पा आता?”

“जनावराच्या दवाखान्यातून. बर्फाच्या बापाचा बाप आहे म्हने हे पानी. वळूचं बी टिकवाले याच्यात बुडवून ठेवतेत. डॉक्टर म्हने, मारोतराव, गाय कुठी हाय? म्या म्हनलं, गाय नाई, सूनबाईले पाह्यजे.”

“अन् हे असं भर दवाखान्यात बोलले तुमी?”

“मंग कसं बोलू? धाडलं कोनं मले? सूनबाईनंच ना!”

मागच्या खोलीच्या दारात कडेवर लेक घेऊन उभी असलेली पद्मजा हसून हसून लाल झाली. पण हसतानाही तिची नजर कॅनवरच होती. तिला आज एका गोष्टीचा निकाल हवा होता, आणि तो निकाल त्या धुराखाली होता.

मागची खोली पद्मजाची, असं म्हणायचं; खरी ती कापसाची होती. दोन हजार सहाचा जानेवारी सरत आला होता. भाव इतका पडला होता की मारोतरावांनी चिडून सगळा कापूस घरात ओतून घेतला. “या भावात देन्यापरीस गाद्या भरून झोपीन!” असं ते म्हणाले खरे, पण त्या वर्षी बाभुळगावात घरोघरी तेच होतं. माणसं कापसाला जागा देऊन ओसरीत निजत होती, पोरं अंग खाजवत शाळेत जात होती. सकाळचं वर्तमानपत्र आलं की शकुबाई आधी स्वतः चाळायच्या आणि कुणा शेतकऱ्याच्या मरणाची बातमी असलेलं पान घडी घालून डब्याखाली सरकवून ठेवायच्या. मारोतराव उरलेली पानं वाचायचे आणि विचारायचे नाहीत.

खिडकीपर्यंत चढलेल्या त्या पांढऱ्या ढिगाच्या पायथ्याशी एक लाकडी टेबल होतं. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, एक जुना रिसीव्हर, काटा हलणारं एक मीटर, हेडफोन आणि काडेपेटीएवढी पितळी डबी. टेबलाशेजारी कापसातच एक खळगा केलेला, त्यात गोधडी, आणि त्या गोधडीवर सहा महिन्यांची अर्पिता. कापसाने खोलीतला सगळा आवाज पिऊन टाकलेला होता. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा, लेकीचा ऐकू यायचा. पद्मजाला कधी कधी वाटायचं, नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेतसुद्धा अशी खोली नसेल.

ती मूळची यवतमाळची. इंजिनिअर झाली आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लागली. तिथे टीव्हीच्या अँटेनाचे बूस्टर बनत. लग्न होऊन ती बाभुळगावला आली, नवरा अनिकेत तालुक्याच्या कचेरीत. बाळंतपणात नोकरी सुटली. आणि मग दिवाळीच्या सुमाराला उत्तमसिंग दारात येऊन उभा राहिला.

उत्तमसिंग राठोड झरी जामणीच्या जंगलात एका संस्थेची जीप चालवायचा. संस्थेची आरोग्य चौकी टेकडीवर होती, आणि खालच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, एकेक हातातला वायरलेस दिलेला होता. बटन दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. तिकडे फोन नव्हता, मोबाइलचा मनोरा तर कोणी चित्रातही पाहिलेला नव्हता. चौकीतला वायरलेस ऐकायला बसायचा तो उत्तमसिंगच. कोणी बोलावलं की तोच उठून जीप काढायचा.

“सगळ्या पोडाचं आयकू येते ताई. करंजपोडाचंच येत नाई,” तो ओसरीत उकिडवा बसून सांगत होता. “खोलात हाय ना ते. दोन्ही बाजूनं डोंगर. खरखर, नुसती खरखर.”

शकुबाईंनी समोर चहा ठेवला. चहा निवला तेव्हा तो बोलला.

“जुलईत जमनीबाईची सून अडली. जमनीबाई सोता दाई हाय, पन तिच्याच्यानं होईना. भर पान्यात ती सेटवर बोलत राह्यली. मी इकडं कान लावून बसलो. कोनीतरी बोलून राह्यलं हे समजे. काय बोलून राह्यलं, ते समजेना. कोन्या पोडावर जाऊ? चार पोडं चार दिशेले.” त्याने बशीतला चहा ओठाला न लावताच खाली ठेवला. “सून गेली. पोट्टं वाचलं.”

पद्मजाने तारीख विचारली नाही. जुलैच्या त्याच पावसात, यवतमाळच्या दवाखान्यात, ट्यूबलाइटच्या उजेडात अर्पिता जन्मली होती.

“आता सायब म्हनतेत, आयकूच येत नाई तं करंजपोडावरचा सेट उचलून दुसऱ्या गावाले देऊ. फेब्रुवारीत ठरवनार. लोहाऱ्याच्या शेठनं तुमचं नाव सांगतलं. म्हने, ती पोरगी करन तं करन.”

दुरून आलेला रेडिओचा आवाज अँटेनावर पोचतो तेव्हा पार दमलेला असतो. त्याला मोठं करावं लागतं. पण जो अ‍ॅम्प्लिफायर मोठं करतो तो स्वतःही खरखरतो. त्याची खरखर आलेल्या आवाजाहून वरचढ झाली की आवाज तिच्यात बुडाला. मग पुढे कितीही मोठं करा, खरखरच मोठी होते. म्हणून अँटेनाच्या अगदी तोंडाशी, सगळ्यांत पहिला, असा एक अ‍ॅम्प्लिफायर लागतो जो जवळजवळ गप्प असतो. जो आधी ऐकतो. त्याने जे ऐकलं तेच पुढच्या सगळ्यांच्या वाट्याला येतं.

पद्मजा त्या पितळी डबीत तेच बनवत होती. लेक झोपली की, भाकरी थापून झाल्या की, दुपारचं ऊन अंगणात पसरलं की. आणि ते बनवताना तिला एक जुनी गोष्ट नव्याने कळली. कॉइलच्या वेढ्यांची जी जागा आवाज सगळ्यांत मोठा करते, ती जागा सगळ्यांत शांत नसते. शांततेची जागा जरा बाजूला असते. मोठेपणा थोडा सोडावा लागतो, तेव्हा ती सापडते. परीक्षेत हे तिने समीकरणांत लिहून गुण मिळवले होते. इथे चिमट्याने वेढे केसभर पसरवताना, हेडफोनमधली खरखर ओहोटीच्या पाण्यासारखी मागे सरलेली ऐकताना, तिच्या अंगावर काटा आला होता.

फक्त एक गोष्ट तिला समजत नव्हती. तिने केलेला प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आदल्या दिवशी शांत असायचा आणि दुसऱ्या दिवशी बहिरा.

ट्रान्झिस्टर फार नाजूक जातीचे होते, पुण्याहून मागवलेले, चिमूटभर. त्यातला आता एकच डबीत बसलेला होता आणि एक पुडीत होता. पुन्हा मिळायला दोन महिने. तोवर फेब्रुवारी निघून जाणार.

“ठेवा बाबा इथे, हळू.”

तिने द्रव नायट्रोजनच्या कॅनचं झाकण उघडलं. लांब वायरच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढा रेझिस्टर लावलेला होता, तो हळूच धुरात सोडला. आत काहीतरी चरचरलं आणि थांबलं. दुसरं टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाला. तिने हेडफोन लावले, मीटरकडे पाहिलं.

अ‍ॅम्प्लिफायर खरंच शांत असेल तर आता काटा झपकन खाली यायला हवा होता. काटा जेमतेम हलला.

“काय झालं?” शकुबाईंनी विचारलं.

“हाही बहिरा झाला, आई.” पद्मजाचा आवाज एकदम बारीक झाला. “काल चांगला होता. काल मी स्वतः ऐकलं.”

“मंग आता?”

“आता पुडीतला एक. तोही असाच गेला तर संपलं. करंजपोडावरचा सेट उचलतील.”

मारोतराव दाराशी घुटमळले. “कापसासारकंच झालं हे बी,” ते पुटपुटले. “पिकवलं बेस अन् वाजलं काहीच नाई.” आणि पायात चपला सरकवून बाहेर निघून गेले.

अर्पिता कुरकुरायला लागली. उन्हं वर आली होती, लोकरीच्या टोपीत तिचं कपाळ घामेजलं होतं. पद्मजाने सवयीने कॅनमधला रेझिस्टर काढून ठेवला, हेडफोन कानांवर तसेच राहिले, आणि ती खळग्याकडे वळली. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाला नुसती उघडी वायर लोंबत होती. बाळंतिणीचा तोच तो नायलॉनचा गाऊन कापसाला घासत ती वाकली, लेकीला उचललं आणि एका हाताने टोपी ओढून काढली.

तड्. तड्तड्.

हेडफोनमध्ये. जणू कानाशी मूठभर लाह्या फुटल्या.

पद्मजा जागच्या जागी थिजली. मग तिने टोपी परत लेकीच्या डोक्यावर घातली. पुन्हा ओढली.

तड्.

अर्पिताच्या टाळूवरचे मऊ केस उभे राहिले होते, टोपीकडे झुकले होते. लेक बोळक्या तोंडाने हसत होती.

“आई!” पद्मजा ओरडली. “आई, मीच मारते त्यांना!”

“कोनाले मारतं वं?”

“ट्रान्झिस्टर! लोहाऱ्याला मनगटात पट्टा बांधून काम करायचो, जमिनीला जोडलेला. इथे मी सकाळी बसताना नळाला हात लावते आणि समजते की झालं. पण ही रडली की उठते, हिला घेते. लोकर, नायलॉन, ही कोरडी हवा. अंगात वीज भरते. हिला निजवते आणि त्याच हातांनी…” तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “त्याच हातांनी तारेला हात लावते. दिसत नाही, टोचत नाही. पण त्या चिमूटभर जिवाला तेवढं पुरे होतं.”

शकुबाईंना विजेचं कळलं नाही, पण सुनेच्या डोळ्यांत पाणी का आलं ते कळलं. लेकराला जवळ घ्यायचं आणि त्यापायी हातातलं काम मरायचं, हे काही त्यांना नवीन नव्हतं. त्यांनीही भर वेचणीत शेताच्या धुऱ्यावर झोळी बांधली होती.

“मंग पट्टा बांध ना.”

“पट्टा कुठून आणू? नुसती तार गुंडाळली, तर हिला घेताना हिलाच बोचेल.”

शकुबाई भिंतीला टेकून बसल्या, पाय पुढे केला आणि उजव्या पायातली चांदीची तोरडी काढायला लागल्या. लग्नापासून न निघालेली. साबण लावावा लागला. पायावर गोरा, गुळगुळीत पट्टा उमटलेला होता, जणू तिथे ऊन कधी पडलंच नव्हतं.

“हे घाल. कोठी जोडाचं आहे ते जोड. हे लेकराले बोचत नाई. हिच्या बापाले नाई बोचलं.”

पद्मजाने तोरडी आपल्या घोट्यात घातली. तिला तार बांधली, झटका बसू नये म्हणून मध्ये एक मोठा रेझिस्टर, आणि तारेचं दुसरं टोक खिडकीबाहेर बोअरच्या लोखंडी पाइपाला. मग अर्पिताला पोटाशी घेऊन बसली. आई जमिनीला, लेक आईला. टोपी ओढली. हेडफोनमध्ये काही नाही.

संध्याकाळी अनिकेत घरी आला आणि बायकोच्या पायातून खिडकीबाहेर गेलेली तार पाहून दारातच थबकला. “आई, हे काय?”

“बांधून ठेवली तुई बायको,” शकुबाई भाकरी उलटत म्हणाल्या. “गावात सांगत फिर आता, सासूनं सूनले बेडी घातली म्हनून. चांदीची घातली हे बी सांगजो.”

पुडीतला शेवटचा ट्रान्झिस्टर पद्मजाने दुसऱ्या दिवशी बसवला. हाताने नव्हे, श्वासाने बसवावा तसा. मध्ये तीनदा लेक उठली, तीनदा तिला घेतलं, पाजलं, निजवलं. तोरडी घोट्यात होती. त्याच्या पुढच्या दिवशी, दुपारच्या शांत वेळी, तिने कॅनचं झाकण पुन्हा उघडलं. आत अजून धूर होता.

रेझिस्टर बाहेर होता तेव्हा हेडफोनमध्ये पावसाचा, दूरच्या रानावर एकसारखा पडणाऱ्या पावसाचा आवाज होता. तिने तो धुरात सोडला.

पाऊस सरला.

काटा खाली आला, येत राहिला, आणि तिने कागदावर मांडलं होतं त्याच्या अगदी जवळ जाऊन थांबला. पद्मजाने डोळे मिटून घेतले. मग एकदम हेडफोन काढून शकुबाईंच्या कानांवर ठेवले.

“ऐका. आता मी तो बाहेर काढते… हां. आता परत बुडवते.”

शकुबाईंच्या भुवया पदराखाली सरकल्या. “माय वं! झडी थांबल्यावानी झालं. कायचा आवाज व्हय हा?”

“त्या तुकड्याच्या उबेचा.”

“उबेले आवाज असते?”

“असतो. जे जे ऊबदार आहे ते सगळं आतून हलत असतं, आणि हललं की बारीक आवाज करतं. हा तुकडा, हे टेबल, ही भिंत, तुम्ही, मी. ऐकणारा गप्प असला तर ऐकू येतो. गोठवलं की तेही निजतं.”

शकुबाईंनी हेडफोन काढले नाहीत. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. बुडवला, काढला. बुडवला, काढला. मग त्यांची नजर खळग्याकडे गेली. कापसात मूठ मिटून अर्पिता झोपली होती, ओठ झोपेतच चोखत.

“मंग हे बी वाजत असन,” त्या हळूच म्हणाल्या.

“वाजते ना.”

“अन् ते? कोलामाचं पोट्टं? बिनमायचं?”

पद्मजाने मान डोलावली.

फेब्रुवारीत मारोतरावांनी कापूस दिला. काय भावाने, ते घरात कोणी विचारलं नाही. गाडी भरून गेली आणि मागची खोली एवढी मोठी, एवढी उघडी वाटायला लागली की अर्पिता स्वतःच्याच हुंकाराचा घुमारा ऐकून दचकली. पितळी डबी आता पक्की बंद झाली होती, आत काय आहे त्याला बाहेरच्या विजेची भीती नव्हती. ती लाकडी पेटीत ठेवताना भोवती काहीतरी मऊ हवं होतं. मारोतरावांनी कोपऱ्यात राहिलेला मूठभर कापूस गोळा करून आणला, त्यातल्या सरक्या बसून एकेक वेचून काढल्या.

“घे. या मुठीले काय तो भाव आला यंदा.”

टेकडीवर अनिकेतने आणि उत्तमसिंगने डबी अँटेनाच्या खांबावर, अगदी तोंडाशी चढवली. पद्मजा खाली चौकीत सेटसमोर बसली, मांडीवर लेक, घोट्यात तोरडी. आता तिची गरज नव्हती, पण शकुबाईंनी परत घेतली नव्हती. संस्थेचे साहेब खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. एका माणसाला सकाळीच करंजपोडावर धाडलं होतं, जमनीबाईला सांगायला, की उन्हं डोक्यावर आली की सेट हातात घे, बटन दाब आणि काहीही बोल.

उत्तमसिंग हात पुसत आत आला आणि आपल्या स्टुलावर बसला. सेटमधून फक्त तो पाऊस येत होता, बारीक, दूरचा. नेहमीची घरघर कुठे गेली म्हणून त्याने दोनदा बटनं तपासली.

“बंद पडला का, ताई?”

“नाही भाऊ. गप्प आहे. ऐकतोय.”

आणि मग तो पाऊस एकदम थांबला. पलीकडे कोणीतरी बटन दाबलं होतं.

“उत्तमसिंगभाऊ. जमनी बोलतो. सून अडली हाय. गाडी घेऊन ये.”

चौकीत कोणी हललं नाही. उत्तमसिंग मात्र उभा राहिला होता. त्याचा हात खिळ्यावरच्या किल्लीवर पडलेला होता. शब्द शब्द वेगळा होता. श्वास लागलेला कळत होता. शब्दांच्या मागे शेळीच्या गळ्यातली घंटी होती, वारा होता, आणि एक लेकरू होतं, अर्पिताएवढंच, बोळक्या आवाजात कोणाशी तरी भांडत असलेलं. पद्मजाच्या मांडीवर अर्पिताने मान वळवली आणि सेटकडे टक लावून पाहिलं.

“तवा मी हेच बोलली होती,” जमनीचा आवाज म्हणाला. सपाट, न रडता. “लय येळा बोलली. तुले आयकू गेलं नाई. आता गेलं का?”

उत्तमसिंगने झटकन माइक उचलला, बटन दाबलं. “आलं, जमनीबाई! आलं!”

पण पलीकडे घंटी वाजतच होती. लेकराची किरकिर येतच होती. जमनीने आपलं बटन सोडलंच नव्हतं. उत्तराची वाट बघत ती ते घट्ट दाबून धरून बसली होती, आणि दाबलेलं असेतो तिला काही ऐकू जाणार नव्हतं.

“सोडन ती बटन थोड्या वेळात,” साहेब म्हणाले. “बस, उत्तमसिंग. सेट ऱ्हाते करंजपोडावर. ठरलं.”

उत्तमसिंग बसला नाही. त्याने माइक अलगद टेबलावर ठेवला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि बाहेर गेला. जीप चालू झाल्याचा आवाज आला, मग उतारावरून खाली खाली जात विरून गेला.

पद्मजाने सेटचा आवाज कमी केला नाही. ते सगळे बसून करंजपोड ऐकत राहिले. कोणीतरी भांडं घासत होतं. लेकरू रडलं, जमनी त्याला तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणली, ते निवलं. अर्पिता दूध प्यायला लागली. पाखरं बोलली, कोणती ते पद्मजाला ओळखता आलं नाही.

बऱ्याच वेळाने, घंटीच्याही पलीकडून, एक घरघर उमटली. ती वाढत आली. जीपच होती. दार आपटल्याचा आवाज झाला, वाळल्या पाल्यावर पावलं वाजली, आणि थांबली.

“आलं, जमनीबाई,” उत्तमसिंगचा आवाज म्हणाला, तिकडून, खालून. “आयकू आलं. सगळं आयकू आलं.”

थोडा वेळ नुसता वारा होता.

मग बटन सुटलं, आणि सेटमधून पुन्हा तो पाऊस सुरू झाला.